चिंध्या बांधलेले ट्रक

अंबरनाथहून बदलापूरला जाताना रस्त्याला लागूनच आमच्या कारखान्याचं मैदान होतं. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास तिथे नवेकोरे पांढरे छोटे ट्रक ओळीने उभे असत, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मोठा जाणकार असल्यासारखी मान हलवून म्हणे, "कंपनी बुडाली वाटतं." त्या सगळ्यांशी मी मनातल्या मनात भांडत असे. एकाशी मात्र उघड भांडावं लागे, कारण तो माणूस रोज संध्याकाळी माझ्याच शेजारी जेवायला बसायचा. ते माझे वडील.

बाबांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात बावीस वर्षं लेथ चालवली. तो बंद पडला तेव्हा आधी मशीन उभ्या राहिल्या, मग गेटबाहेर माणसं उभी राहिली. पुढे बाबा अंबरनाथमध्येच एका सोसायटीत वॉचमन झाले. आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो, त्यामुळे जाता-येता एसटीच्या खिडकीतून त्यांना आमचं मैदान दिसायचं. घरी आले की चपला काढता काढताच बातमी द्यायचे.

"आज आणखी वाढल्यात गाड्या. पोरी, दुसरीकडं अर्ज टाकून ठेव. एकदा उभं राहिलेलं परत चालू झालेलं मी तरी बघितलं नाही."

मी तिथे स्टोअरमध्ये लागले होते, सहा महिन्यांच्या बोलीवर. ऑफिसच्या दाराबाहेर काम करणारी मी पहिलीच बाई. ट्रकमध्ये कमी होती ती एकच गोष्ट, ड्रायव्हरच्या समोरचा मीटर. तो दक्षिणेतल्या एका कारखान्यातून यायचा आणि तिथे संप चालू होता. मीटर नसला तरी गाडी मैदानापर्यंत चालत जाते, फक्त गिऱ्हाइकाला देता येत नाही.

"मग बनवता कशाला? बंद ठेवायचं ना," बाबा म्हणायचे.

मी त्यांना समजावायची. गाड्या जोडायची लाइन थांबली की रंगाची भट्टी थंड पडते, टायर आणि काचा घेऊन आलेले टेम्पो गेटवर अडकतात, कंत्राटावरचे फिटर चार दिवस वाट बघतात आणि दुसरी कंपनी धरतात. ते काही परत येत नाहीत. आणि मीटर बसवायला लागतो जेमतेम अर्धा तास. म्हणून बाकी सगळी गाडी करून ठेवायची आणि मीटरची वाट बघायची.

"लग्नघरात डाळ यायची राहिली, म्हणून पोळ्या लाटायचं कोणी थांबतं का?"

"आणि डाळ आलीच नाही तर?" बाबा म्हणाले आणि आईकडे बघून हसले. मी रागारागात दुप्पट भात वाढून घेतला.

खरी पंचाईत मीटरची नव्हतीच. ती मला पहिल्याच महिन्यात कळली. मधेच दहा मीटर आले, आम्ही दहा गाड्यांना बसवले, आणि तपासणीत त्यातल्या सहा नापास झाल्या. एकीला आरसा नव्हता, एकीचा वायपर गायब, दोघींच्या बॅटऱ्या नाहीत. चोरी नव्हती ती. लाइनवर एखादा आरसा तडकलेला निघाला की फोरमन फिटरला सांगायचा, "जा, उभ्या गाडीचा काढून आण, उद्या नवा आला की लावू." एकीचं काढायचं, दुसरीला लावायचं. उद्या उजाडायचा, पण कुठल्या गाडीचं काय काढलं ते कोणाला आठवायचं नाही. ह्यासाठी रजिस्टर होतं. कोरं करकरीत होतं.

"रजिस्टर कशाला? माझ्या डोक्यात सगळं असतं," फोरमन म्हणायचा. तो बदलापूर गावातला, वयाने बाबांएवढा, हाताने सोन्यासारखा कारागीर. डोक्याची मात्र मला खात्री नव्हती.

आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी, एका मोठ्या कंपनीसाठी हे ट्रक जोडून द्यायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मीटर एकसाथ येणार. आला की तीन दिन में सब गाडी बाहेर पाहिजे. नाहीतर मोठी कंपनी काम दुसरीकडे देणार. और सुनो, स्टोअर तुझा आहे. पहिलं नाव तुझंच कटणार."

म्हणजे काढायचं फोरमनने आणि कटायचं मी. त्या रात्री मला संतापाने झोप आली नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझी मावशी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. रविवारी तिच्याकडून कतरणीचं एक पोतं आणलं आणि घरी बसून लांब लांब चिंध्या फाडल्या. सोमवारी स्टोअरच्या खिडकीत उभी राहून नियम सांगून टाकला. उभ्या गाडीचं काही काढायचं असेल तर आधी माझ्याकडून चिंधी न्यायची, आणि जिथून वस्तू काढली तिथेच ती बांधायची. लिहायचं काही नाही. पांढऱ्या गाडीवर निळी चिंधी लांबून दिसते, आणि निळा रंग तसाही आमच्या घरचा लाडका.

लोकांनी दात काढले. फोरमन तर चार माणसांत म्हणाला, "काय मॅडम, गाड्यांना नवस बोललाव काय?"

"आमच्या घरात नवस बंद होऊन दोन पिढ्या झाल्या, काका. ही फक्त आठवण आहे. तुमच्या डोक्यात मावत नाही तेवढीच बाहेर बांधते."

फिटर लोक खदखदून हसले. पण त्या दिवसापासून चिंध्या न्यायला लागले. मी रोज जेवणाच्या सुट्टीत मैदानात फिरायची, चिंध्या दिसतील तशा वस्तू मागवायची आणि आल्या की त्या-त्या गाडीला लावून घ्यायची. आधी काढून नेलेलंही मी एकेक गाडी तपासून शोधलं, जेवढं डोळ्यांना दिसलं तेवढं. महिन्याभरात मैदान जवळजवळ पांढरंशुभ्र झालं. बाबांना खिडकीतून हे काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त उभ्या गाड्या दिसत होत्या.

मग संप मिटला आणि एका सकाळी मीटरचे खोके आले. तीन दिवसांची मुदत होती. पहिल्या दिवशी अर्धं मैदान रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत एकच ट्रक उरला होता. मीटर बसला, इंजिन लागलं, तपासणीवाल्याने हॉर्न दाबला. आवाजच नाही. बघतात तर बंपरच्या आत हॉर्नच नव्हता. आणि तिथे चिंधीही नव्हती.

सगळे फोरमनकडे बघायला लागले. तो लाइनवरच्या एका अर्धवट गाडीकडे गेला, तिचा हॉर्न सोडवला आणि तो हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम," त्याने दुसरा हात पुढे केला, "एक चिंधी द्या."

मी दिली. त्याने स्वतः जाऊन ती त्या अर्धवट गाडीला हॉर्नच्या जागी बांधली, चांगली दोन गाठी मारून. मला इतका आनंद झाला, की मी स्टोअरमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि एकटीच हसले.

शेवटच्या ट्रकमधून गेटपर्यंत जायचा मान फिटरांनी मला दिला. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी बाबा उभे होते. रिकामं मैदान बघून एसटीतून मधेच उतरले होते. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेले. ट्रक वळण घेऊन रस्त्याला लागला, हॉर्न वाजवत दिसेनासा झाला, तरी बाबा तिकडेच बघत होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"डाळ आली म्हणायची," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.