मागे स्क्रू असलेला बिल्ला

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत होते, पुरावा नसेल तर मानायचं नाही हेच मुलांना सांगत आले. पण २००२ च्या मे महिन्यात, हिंगणघाटला, आमच्याच अंगणात भर दुपारी जे झालं ते... लिहूनच टाकते.

मला लष्करी बिल्ले जमवायचा छंद. वडनेरचे एक म्हातारे फौजी दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. ते गेल्यावर त्यांच्या सुनेनं पेटीतला एक बिल्ला मला दिला. क्रॉसच्या आकाराचा, लाल-पांढरं मिनाकाम, मधोमध मुकुट घातलेला गरुड. मागे टाचणी नाही, जाड स्क्रू आणि गोल नट. आपल्या फौजेचा तर नव्हता. मग कुठल्या देशाचा, कुठल्या रेजिमेंटचा? सायबर कॅफेतून एका परदेशी संग्राहकाला फोटो पाठवला.

उत्तराची वाट बघत होते, तेवढ्यात माझा धाकटा भाऊ मधू आला. पोस्टमन. जन्मभर सायकलवर फिरलेला, बैलानं मान हलवली तरी बाजूला होणारा माणूस. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्यानं.

"ताई, मले शोभते का पाह्य बरं," म्हणत त्यानं माझ्या हातातला बिल्ला घेतला, खिशाच्या उसवलेल्या शिवणीतून स्क्रू घातला आणि आतून नट आवळला.

मी हसले. तो हसला नाही.

शेवग्याच्या शेंगा काढायचा बांबू भिंतीला टेकवलेला होता, टोकाला पातं बांधलेला. तो त्यानं उचलला, बगलेत दाबून आडवा धरला — आमच्याकडे असा कुणी धरत नाही — आणि धावत सुटला. फाटकाशी शेजाऱ्यांची बकरी बांधलेली होती. पातं तिच्या मानेतून आरपार गेलं. त्यानं हिसका देऊन ते उपसलं, वळला, आणि माझ्यावर आला.

"मधू, काऊन असं करून राह्यला?" एवढंच म्हणता आलं. पातं खांद्यात शिरलं. मी भिंतीवर आदळले. तो दोन पावलं मागे सरला, पुन्हा नेम धरला. बघत माझ्याकडेच होता... पण ओळख नव्हती.

मिस्टर फावडं घेऊन धावले. "सोड! मधू, सोड म्हनतो!" दांडा मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी दुसऱ्या हातानं त्यानं मिस्टरांचा गळा आवळला. त्यांचे डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा मी रक्तानं माखलेल्या हातानं बिल्ल्यासकट त्याचा खिसाच फाडून काढला.

मधू मटकन खाली बसला. माझ्याकडे बघून रडायला लागला.

"ताई, कोनं मारलं तुले?"

सेवाग्रामच्या दवाखान्यात दोघांना नेलं. मला टाके, त्याला प्लास्टर. पोलिसांत कुणी गेलं नाही. मिस्टर विज्ञानाचे शिक्षक, ते आजही म्हणतात, उन्हाचा झटका.

ईमेल त्यानंतर अकराव्या दिवशी आला. मुकुटवाला गरुड म्हणजे पोलंड; इटलीत त्यांची फौजही आपल्या फौजेच्या बाजूनं लढलेली. मागचा स्क्रू-नट तिकडचाच. आणि बिल्ला घोडदळाचा — भालाईतांच्या रेजिमेंटचा. भाला बगलेत दाबून घोडा फेकणारे ते.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. मिस्टरांनाही नाही.

मागच्या भाऊबीजेला ओवाळून झालं, तर मधू हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू? तो घोडा वाचला का?"

"कोनता घोडा रे?"

"मले काय मालूम..." म्हणत त्यानं मान खाली घातली.

कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.