दादाचं मंगलाष्टक

मिरजेला थोरल्या भावाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला. जीव वाचला, यातच आम्ही सुख मानलं. पण तो घरी आल्यावर थोड्याच दिवसांत वहिनी माझ्याकडं आली.

"भावजी, ह्यांचा आवाज कुठं सापडंल का वो? समदा मोबाईल बघितला. नुसतं व्हय आन् न्हाई. मिलिटरीतनं आल्यापास्नं दुसरं बोललेत कवा?"

रहिमतपुरात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचं शूटिंग मीच करायचो, एडिटिंगही मीच. माझ्या मुलीच्या लग्नात दादानं मंगलाष्टक म्हटलं होतं, परेडला उभं राहिल्यासारखं ताठ उभं राहून. नंतर शूटिंग बघितलं आणि त्यानंच धोशा लावला, "माझा फाटका आवाज काढ, सनई टाक." आमच्या धंद्यात तशीही रीतच होती, खरा आवाज बंद करायचा आणि वर सनई नाहीतर सिनेमाचं गाणं चढवायचं. मी सनई टाकली. मूळ कॅसेटवर पुढं कुणाचं तरी बारसं शूट झालं. राहिला एडिटिंगचा जुना कॉम्प्युटर, माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला.

त्यातल्या फाइली नव्या लॅपटॉपवर उघडणाऱ्या नव्हत्या. त्यांना जुनंच सॉफ्टवेअर पाहिजे, आणि सॉफ्टवेअरला त्या जुन्या मशीनमध्ये बसवलेलं कार्ड पाहिजे. म्हणजे धूड खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आतनं झुरळं निघाली. बटण दाबलं तर नुसतं पिक पिक. रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली, तेव्हा कुठं स्क्रीन उजळला. मग सॉफ्टवेअर रुसलं. आतला सेल मेल्यामुळं मशीनची तारीख पार मागं गेली होती. घड्याळवाल्याकडनं गोल सेल आणून टाकला, तारीख लावली. वहिनी दारातनं सारखी विचारत होती, "झालं का वो?" मी खेकसलो, "जरा दम धरा की!" खरं तर धास्ती मलाच होती. सनई टाकताना दादाचा आवाज पुसून टाकला होता की नुसता बंद ठेवला होता, हेच मला आठवत नव्हतं. पुसला असला तर संपलंच सगळं.

सॉफ्टवेअर उघडलं. लग्नाचं काम जसंच्या तसं समोर आलं. सनईच्या पट्टीखाली दुसरी एक पट्टी होती, म्यूट केलेली. देवा, नुसती म्यूट! मी सनई बंद केली, खालची पट्टी चालू केली. भटजींचं खोकणं आलं, मांडवातली गडबड आली आणि मग दादा. बेसूर, पण खणखणीत. मला एकदम लय हलकं वाटलं. आधी ते पेन ड्राइव्हवर घेतलं, कारण डिस्क कटकट वाजत होती, तिचा काही भरवसा नव्हता. मगच दादाला बोलावलं.

तो खुर्चीत ताठ बसला. मी परत पहिल्यापासून लावलं. दोन ओळी त्यानं नुसत्या ऐकल्या. तिसऱ्या ओळीला त्याचे ओठ हलायला लागले, शब्दाला शब्द धरून.

वहिनी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आवं, बोलतायसा की तुमी."