निमंत्रक म्हणून आईचं नाव

इंदिरानगरच्या घरी मी हाताने लग्नपत्रिका करते. शिक्क्याच्या ओल्या शाईवर सोनेरी पावडर भुरभुरायची आणि हीट गनची गरम हवा द्यायची; पावडर वितळते, अक्षरं फुगून वर येतात.

गेल्या वर्षी एका मुलीने स्वतः येऊन मजकूर दिला. निमंत्रक म्हणून फक्त तिच्या आईचं नाव होतं. वडील ती लहान असतानाच गेलेले. आईने अंबडच्या कारखान्यात नोकरी करून तिला शिकवलं होतं.

तयार पत्रिका न्यायला तिचे काका आले. आईच्या नावावर नख घासत म्हणाले, "शुभकार्यात विधवेचं नाव? हे काढा, माझं घाला."

माझं डोकंच फिरलं. "मजकूर मुलीचा आहे. तिने सांगितल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाही," असं म्हणून मी पत्रिकांचा खोका आत नेऊन ठेवला.

संध्याकाळी मायलेकी आल्या. आई खालमानेनं म्हणाली, "ताई, काढून टाका माझं नाव. मला सवय आहे."

ते ऐकून मी आणखीनच भडकले. कसली सवय? कोणी लावली?

मुलीने वाद घातला नाही. पत्रिका पिशवीत भरत म्हणाली, "चल आई, पहिली काकांनाच देऊ. तूच द्यायचीस."

लग्नाला मलाही बोलावलं होतं. आई दाराशी उभी राहून पाहुण्यांचं स्वागत करत होती. काकाही आले, मुकाट्याने जेवून गेले. माझा राग मात्र गेला नाही. आता कोणीही मजकूर आणला आणि त्यात आईचं नाव नसलं, की मी कारण विचारतेच.