देव्हाऱ्यातली काळी वडी

माणूस दूरच्या ग्रहांवर जाईल तो अतिवाहकांच्या जोरावर, असं गुरुजी नेहमी सांगत. हे भविष्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा डावा हात कोपरापर्यंत एका गाईच्या आत होता. त्यांनी मला काम उरकू दिलं आणि मग विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडचा नायट्रोजन वाटीभर मिळंल का?"

मी डॉक्टर नाही. शहापूर तालुक्यातल्या एका गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. गाईंनी अजून पदवी विचारलेली नाही. वळूंचं वीर्य आम्ही द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतो. इतकी थंड दुसरी वस्तू आमच्या पंचक्रोशीत नाही. गुरुजी शेणव्याच्या बाजूच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. मूळचे मुरबाडकडचे. प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या एका वर्गमित्राने त्यांना अतिवाहकाची, म्हणजे गार केल्यावर वीज जराही न अडवणाऱ्या पदार्थाची, आलेपाकाच्या वडीएवढी एक काळी चकती दिली होती. ती पुरेशी गार केली की तिच्यावर चुंबक अधांतरी उभं राहतं. मी ते पाहिलं आहे. थर्माकोलच्या वाटीतून वाफ उतू जात होती आणि चुंबक कशालाही न टेकता शांत होतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, याला खाली यायचंच नाय."

अशा अतिवाहकांची चुंबकं यानावर बसवली, की अवकाशातले घातक किरण यानाला वळसा घालून जातील, असं ते मुलांना सांगत.

"असं यान कोणी बांधलंय का?" मी विचारलं.

"अजून नाय. पण वर थंडी फुकट हाय, डॉक्टर."

उन्हात यान तापतं, हे मी कुठेतरी वाचून त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग सावलीत धरायचं."

त्या वडीला दमट हवा सोसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं. घरात कोरडी जागा एकच, देव्हारा. तिथे समई जळते. वडी त्यांनी तिथे ठेवली आणि बायकोला सांगितलं, "याला हात लावू नको." त्या माउलीने कित्येक वर्षं लावला नाही.

मग त्यांना कॅन्सर निघाला. मुंबईला एमआरआय काढून आले ते खुशीतच. "अतिवाहक चुंबकाच्या पोटात जाऊन आलो," म्हणाले. "आवाज लय करतो." पुढे किरणांचे उपचार सुरू झाले. "यानवाले किरण बाहेर ठेवायला धडपडतात, आन् मी गाडीभाडं खर्चून आत घेतोय."

त्या वर्षीच्या दहावीला त्यांनी प्रयोगाचा शब्द दिला होता. पुढची दहावी आपल्या वाट्याला येणार नाही, हे त्यांना कळत होतं. मी वाटीऐवजी किटलीभर नायट्रोजन नेला. पाड्यांवरची मुलं दाटीवाटीने बसली होती. वाफ आली, वडी गार झाली, त्यांनी चुंबक ठेवलं. ते वडीवर बसून राहिलं. त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा ठेवलं. किटली संपली.

"गुरुजी, राहू दे," मागून एक मुलगा म्हणाला. "आमी समजून घेतो."

मी त्यांना मोटारसायकलवरून घरी सोडलं. त्यांनी वडी खिशातून काढून देव्हाऱ्यात ठेवली. बायकोने लगेच ती उचलून ताम्हनात घेतली आणि पळीने पाणी घालायला लागली.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुमचा आजार कळला तवापासून," ती म्हणाली. "तुमीच देव आणून बसवलात आन् इतकी वर्षं पारोसा ठेवलात. मग नाय का कोपणार तो? आता रोज आंघोळ घालते, दूध पण घालते. बघा, अन्न जायला लागलंय ना तुमाला?"

त्यांनी ताम्हनात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हां. दोन घास जास्त जातात." मला निरोप द्यायला अंगणात आले तेव्हा एवढंच बोलले, "डॉक्टर, तिला काय सांगू नका."

पावसाळा संपायच्या आत ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा वडीच्या कडा झडून ताम्हनात काळा गाळ बसला होता. त्यांच्या बायकोने विचारलं, "डॉक्टर, तुमाला ठावं असंल. हा देव कुठला?" मी म्हणालो, वहिनी, ते मला कधी बोलले नाहीत. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "आधीपासून घालायला पायजे होतं पाणी."

शोकसभेला तालुक्याहून पाहुणे आले. एका वक्त्याने त्यांना अवकाशयुगाचा अग्रदूत म्हटलं. दुसऱ्याने त्यांनी पेटवलेली विज्ञानाची ज्योत शाळा कधीही विझू देणार नाही, असं सांगितलं. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं.

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. विज्ञानाचा तास सध्या खेळाचे सर घेतात. तो मैदानावर होतो.