डाव्या खांद्यावरची कार्बाइन

मी मूळचा फिटर. आधी इचलकरंजीला लेथवर, मग पाच वर्षं कतारमध्ये मेसईदच्या कारखान्यात आणि आता दोहाजवळच्या एका शूटिंग रेंजच्या वर्कशॉपमध्ये. बंदुका उघडायच्या, पुसायच्या, जोडायच्या. शिकारीचा मला अजिबात शौक नाही. कोंबडी कापताना मी दुकानाबाहेर उभा राहतो. पण चांगलं घडवलेलं लोखंड दिसलं की हरखून जातो, त्याला इलाज नाही.

त्या शुक्रवारी ड्युटीला निघताना घरून फोन आला होता. मुलगी पहिलीत आहे, डाव्या हाताने लिहिते. बायको म्हणाली, "लिहू दे ना." आई मागून म्हणाली, "आत्ताच वळण लाव, नाहीतर जन्माची खोड." मी आईची बाजू घेतली आणि मुलीलाच सांगितलं, "आजपासून उजवा हात." ती "हो" म्हणाली.

मी स्वतः डावरा आहे. आईने पळी मारून मारून माझा हात बदलला. जेवण, लिहिणं, देणं-घेणं, सगळं उजव्याने. रेंजवर पहिल्यांदा बंदूक हातात आली तेव्हा कुणी न सांगता मी ती उजव्या खांद्याला लावली. गोळ्या चौफेर गेल्या. सगळे म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मी हसून सोडून दिलं आणि खरं कारण कधी कुणाला सांगितलं नाही.

तर, त्या दुपारी नवी कार्बाइन तपासायची होती. शिकारीची, आखूड नळीची बंदूक. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप चढते. मी ती टेबलावर उघडली आणि बघतच बसलो. कुठे कानशीची खूण नाही, कुठली कड बोटाला लागत नाही. आतला बोल्ट लोणी लावल्यासारखा मागेपुढे सरकत होता. ज्याने कुणी हे घडवलं त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं.

आमचे मुख्य आर्मरर, म्हणजे बंदुकांची देखभाल बघणारे, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी वीस गोळ्या झाडल्या. एकदाही अडकली नाही. शंभर मीटरवरच्या कागदावर शेवटची पाच भोकं एका लिंबाएवढ्या जागेत. सुभेदार कुणाचं कौतुक करत नाहीत, बंदुकीचं तर नाहीच. ते फक्त "हं" म्हणाले. मला तेवढं पुरलं.

बंदूक ज्यांच्यासाठी होती ते वयस्कर कतारी गृहस्थ मागे खुर्चीत बसून होते. दरवर्षी ते भावांबरोबर परदेशात डोंगरात शिकारीला जायचे. वर्षभरापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. भाऊ म्हणाले, या वेळी तू तंबूत बस. म्हातारा बसायला तयार नव्हता. घरी भिंतीवर नेम धरून ते डाव्या खांद्याची सवय करत होते.

ते उठले आणि डावा खांदा थोपटत त्यांनी विचारलं, "और इधर से?"

दुसरा कुणी असता तर "सेम सेम, सर" म्हणून मोकळा झाला असता. सुभेदार म्हणाले, "उधर से हमने देखा नहीं." पुंगळी उजवीकडून उडते. डाव्या खांद्यावर बंदूक असली की ती तोंडासमोरून जाते. तापलेली पुंगळी, आणि या माणसाकडे उरलेला एकच डोळा. डाव्याने झाडणारं आमच्यात कुणी नव्हतं.

"मी बघतो," मी म्हणालो.

"तू? आरं, तुला उजव्यानं जमंना, डाव्यानं काय मारणार हायस?"

"मी डावराच आहे, साहेब."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे जपायचा चष्मा पुढे केला.

दस्ता डाव्या खांद्याला टेकला आणि इतकी वर्षं हलणारी ती नळीच्या टोकावरची, नेम धरायची टाचणी जागेवर स्थिर झाली. मला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. पहिली गोळी. पुंगळी पुढे, उजवीकडे, तोंडापासून लांब गेली. दुसरीही तशीच. तिसरीला चाप ओढला, पण गोळी सुटेना.

नळी समोर ठेवूनच मी थांबलो. चापामागे सुरक्षेचं बटण असतं. माझ्या टेकलेल्या डाव्या बोटाने ते दाबलं जाऊन बंदूक बंद झाली होती. उजव्या बोटाने तेच बटण दाबलं की ती चालू होते. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

बंदूक रिकामी करून मी वर्कशॉपमध्ये नेली आणि पिन काढली. बटण उलटं बसावं म्हणून आत दुसऱ्या बाजूनेही खाच पाडलेली होती. कुठल्या देशातल्या कुठल्या कारागिराला आमची आठवण झाली होती कोण जाणे! माझ्या घरात कुणाला झाली नव्हती. दहा मिनिटांत मी बटण फिरवलं, परत आलो, दहा गोळ्या झाडल्या. पुंगळी एकदाही तोंडाकडे आली नाही, आणि कागदावर लिंबू.

"येवढी वर्षं उजव्यानं गोळ्या नासल्यास व्हय रं?" सुभेदार म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

मग म्हातारबुवांनी झाडल्या. पहिली बाहेर, दुसरी कडेला, पुढच्या चार आत. "तंबू खलास!" ते ओरडले. आपल्या थर्मासमधली कॉफी त्यांनी डाव्या हाताने ओतली आणि उजव्याने मला कप दिला. इथे कॉफी डाव्यानेच ओततात. हजारदा बघितलेलं, त्या दिवशी दिसलं.

खोलीवर येताच मी व्हिडिओ कॉल लावला. मुलीने वही कॅमेऱ्यासमोर धरली. पानभर ‘कमळ, कमळ, कमळ’ लिहिलेलं, सगळी अक्षरं वाकडी, खोडरबराने पान फाटलेलं. "पप्पा, मी तुमचं ऐकलं."

"आता डाव्या हाताने लिहून दाखव."

तिने वळून मागे पाहिलं. "आजी रागवेल."

"आजीला दे फोन."

आईचा चेहरा समोर आला. "आई," मी म्हणालो, "तिला राहू दे. मी अजूनही डावराच आहे."