सॉरी नव्हे, सरी

हयवदनाला लहानपणापासून एकच शब्द पुरला: सरी. कानडीतलं 'बरं, ठीक आहे'. आई दवाखान्यात होती म्हणून पाच वर्षांच्या पोराला देवनहळ्ळीला वसुमती आत्याकडे ठेवलं होतं. पोर जेवताना कुरकुरलं, तर आत्या चेष्टेनं म्हणाली, "हट्ट केलास तर बसमध्ये बसवून देईन हं कुठंतरी." आत्या हसली नि विसरली. पोरानं मात्र पुढ्यातलं कारलं गिळलं नि म्हटलं, "सरी." नाही म्हटलं की माणसं टाकून देतात, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं. पुढं बँकेत लागला, केस विरळ झाले, पण ते कारलं काही पचलं नाही.

लग्न झालं पुण्याच्या सिद्धीशी. तिच्या माहेरी सगळे एकमेकांवर ओरडूनच माया करायचे. माफी मागायची वेळ आली की घरदार मुकं. बंगळूरला, जे. पी. नगरच्या घरात शिरताच ती म्हणाली, "हा पडदा बदलू या." नवरा म्हणाला, "सरी."

तिला ऐकू आलं सॉरी! तिनं आईला फोन लावला, "अगं, पडद्याचीसुद्धा माफी मागतो!" आठ महिने ती मोठ्या मनानं त्याला माफ करत राहिली.

एकदा आत्या राहायला आली. सिद्धीनं कौतुक सांगितलं, "तुमचा भाचा दिवसातून वीसदा सॉरी म्हणतो."

आत्या पोट धरधरून हसली. "अगं वेडे, सॉरी नव्हे, सरी! नुसतं बरं म्हणतोय तो."

सिद्धी नवऱ्याकडे वळली. "म्हणजे एकदाही सॉरी नाही?"

"सरी," तो सवयीनं म्हणाला.

झालं! "तुला काय हवं, काय नको, कधी सांगतोस? भिंतीशी संसार नाही करायचा मला. पुण्याला चालले. परत येणार नाही. चालेल?"

"सरी." वर तिची बॅगही यानंच खाली आणून दिली.

टॅक्सीवाल्यानं विचारलं, "देवनहळ्ळी, विमानतळ ना?" ते नाव ऐकलं नि हयवदनाच्या घशाशी कारलं आलं.

"सरी नाही!" तो असा ओरडला की तारेवरचे कावळे उडाले. "जाऊ नकोस! आणि तुझा चहा मला आवडत नाही, मला कॉफी लागते! आणि तो तुझा नवा पडदा शेवाळ्यासारखा दिसतो!"

सिद्धीचा चेहरा उजळला. माहेरची बोली! "मग आठ महिने मिठाची गुळणी धरून बसला होतास?"

"वाटायचं, नाही म्हटलं तर तू जाशील."

"बोलत नव्हतास म्हणूनच निघाले होते ना, बावळटा!"

टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. निघायचं ना? सिद्धी डोळे पुसत म्हणाली, "सॉरी, अण्णा."

टॅक्सीवाल्याला ऐकू आलं सरी. त्यानं बॅग उचलून डिकीत टाकली.

"अहो, सॉरी, सॉरी!"

"सरी, सरी," म्हणत त्यानं डिकी लावली.

शेवटी हयवदनालाच पुढं व्हावं लागलं. जन्मातलं दुसरं 'नाही' त्यानं त्या भल्या माणसाला ऐकवलं, नि बॅग छातीशी धरून जिना चढला.