माडीवरची माशांची पेटी

शुक्रवार पेठेत आमच्या डोक्यावर, लाकडी माडीवर, एक शेजारी राहायचे. बोटाच्या पेरानं टकटक केल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. मग ते मडकं असो, कलिंगड असो, नाहीतर आमचा नवा ट्रान्झिस्टर. टकटक झाली की मान तिरकी करून म्हणत, "बघू की!"

एकदा त्यांच्या मनानं घेतलं, माडीवर माशांची काचेची पेटी ठेवायची. चांगली पलंगाएवढी. ती जागा नेमकी आमच्या पलंगाच्या वर येत होती. माझी बायको घाबरली.

"वैनी, भिऊ नगासा. आधी बघू की!" ते म्हणाले.

रविवारी त्यांनी तालमीतले पैलवान मटणाला बोलावले आणि पेटीच्या जागेवर दाटीवाटीनं जेवायला बसवले. आम्हाला अंगणात काढलं. स्वतः मात्र खाली येऊन आमच्या पलंगावर, तुळईच्या बरोबर खाली, चहाचा कप घेऊन बसले. वर हसण्याचा गडगडाट झाला की फळ्यांतून धूळ कपात पडे. वर बघत ते तोच चहा पीत राहिले. माणूस शहाणा की खुळा, मला दारातून बघून ठरवता येईना.

तुळई करकरली, पण धड राहिली. पैलवान ढेकर देत गेले.

पेटी आली, ती मात्र खाली, जिन्याजवळच्या फरशीवर.

"अहो, माडीनं एवढे पैलवान पेलले की!" मी म्हणालो.

त्यांनी काचेवर टकटक केली. "पैलवान जेवून घरला गेलं. पाणी कुठं जातंय?"